पोटाचे दुखणे आणि पेन्शनची टक्केवारी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढाची झड लागलेली, मुचकुंदीची खाडी गढूळ पाण्याने भरलेली आणि पूर्णगडच्या माझ्या दवाखान्यात सर्दी-तापाचे दोन पेशंट सोडले तर शुकशुकाट. अशा वेळी वरच्या वाडीतले एक निवृत्त हवालदार रिक्षातून उतरले. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या रुग्णांचे काही तपशील मी बदलले आहेत.) एरवी हा माणूस काठीसारखा ताठ. साठी उलटून गेली तरी सकाळी किल्ल्याच्या चढणीला फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाही. त्या दिवशी मात्र मुलाच्या खांद्यावर भार टाकून आले. चेहरा पांढराफटक, ओठ फिके, कपाळावर गार घाम.

"काय होतंय हवालदार?"

"परवापासून जरा चक्कर येते, साहेब. बाकी काही नाही."

फौजी माणसाचे "बाकी काही नाही" याचा अर्थ एव्हाना मला कळू लागला आहे. मागून वहिनी म्हणाल्या, "काही नाही काय? चार दिवस संडासला डांबरासारखं काळं होतंय. सांगा ना डॉक्टरांना!"

वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे शौच म्हणजे बहुधा जठरातून किंवा त्यापुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्त वाहत असते. पोटातल्या आम्लाने रक्त काळे पडते, म्हणून ते लाल दिसत नाही आणि म्हणूनच माणूस चार दिवस घरी बसून राहतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण त्यात हा चिकटपणा आणि वास नसतो. हवालदारांची नाडी एकशेवीसच्या घरात होती, रक्तदाब खाली आलेला. सलाइन लावून त्याच रिक्षातून न पाठवता रुग्णवाहिका मागवली आणि त्यांना रत्नागिरीला रवाना केले. तेथे रक्ताच्या पिशव्या चढल्या, तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. निदान ठरले, ड्युओडेनमचा म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याचा अल्सर.

मला निदानाचे आश्चर्य वाटले नाही. वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. याच गृहस्थांना मी सहा-सात वर्षांपूर्वी दुर्बिणीची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी लिहून दिली होती. रिकाम्या पोटी दुखते, चार घास खाल्ले की थांबते, रात्री दोनच्या सुमारास दुखून जाग येते, ही त्यांची कहाणी अल्सरच्या पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखी होती. ते दर वेळी "बघू" म्हणत आणि खायच्या सोड्याची चिमूट किंवा पित्ताची गोळी घेऊन दिवस काढत. माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, तेव्हा पैशाचीही अडचण नव्हती. मग का टाळले?

बरे होऊन आल्यावर त्यांनीच सांगितले. तेही बायको बाहेर गेल्यावर, आवाज खाली करून.

"साहेब, मला पोटाच्या दुखण्यावर डिसॅबिलिटी पेन्शन आहे. वीस टक्के. दुर्बीण घातली आणि अल्सर बरा झालाय असं लागलं, तर ते बंद होईल ना? एस.टी.त एक जण म्हणाला, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातो ना, तिथे आता तब्येतही तपासणार आहेत. मी म्हटलं, मग अल्सर राहू दे तसाच."

अल्सर राहू दे तसाच! महिन्याच्या काही रुपयांसाठी हा माणूस पोटात जखम सांभाळून होता, आणि ती जखम एके दिवशी त्याचा जीव घेऊन गेली असती. त्याला हसू नये. त्या रुपयांवर घरातला किराणा येतो. शिवाय त्याच्या मनात पेन्शन म्हणजे नुसता पैसा नाही. सव्वीस वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढली, त्यात शरीराचे जे नुकसान झाले ते सरकारने मान्य केले, याची ती पावती आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, "हवालदार, तुमचे कागद घेऊन या. आधी वाचू, मग घाबरू."

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल आली. पेन्शनचा आदेश म्हणजे पी.पी.ओ., डिस्चार्ज बुक, आणि निवृत्तीच्या वेळी बसलेल्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल. ए.एफ.एम.एस.एफ.-१६ असा क्रमांक असलेला तो फॉर्म बहुतेक माजी सैनिकांनी एकदा सही करताना पाहिलेला असतो आणि पुन्हा कधीच वाचलेला नसतो. त्या फॉर्मात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला असे मंडळ म्हणते की नाही. दुसरी, अपंगत्व किती टक्के. तिसरी, ते किती काळासाठी. हवालदारांच्या कागदावर लिहिले होते: आजार सेवेतील परिस्थितीमुळे बळावला, वीस टक्के, आजीवन. आजीवन!

संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये काढलेल्या आदेशाने जुनी फेरतपासणीची पद्धत बंद केली. पूर्वी ठरावीक वर्षांनी पुन्हा मंडळापुढे उभे राहावे लागे आणि दर खेपेला टक्के कमी होण्याची धास्ती असे. आमच्या हवालदारांच्या मनातली भीती बहुधा त्या जुन्या काळातून, थोरल्यांच्या तोंडून आलेली. आता कायम स्वरूपाचे म्हणून ठरलेले अपंगत्व माणसाने स्वतः फेरविचार मागितल्याशिवाय पुन्हा तपासले जात नाही. जे कायम स्वरूपाचे नाही, त्याची ठरलेल्या मुदतीत एकदाच फेरतपासणी होते. आणि हयातीचा दाखला हा नावाप्रमाणे माणूस हयात आहे एवढ्याचाच दाखला. त्यात कोणी पोट तपासत नाही. एस.टी.तल्या त्या सल्लागाराचा पत्ता मिळाला असता तर मी त्याच्याकडून रक्ताच्या पिशव्यांचा हिशोब मागितला असता.

आता थोडे या आजाराविषयी. सैन्य पोटावर चालते म्हणतात, पण सैन्यात पोटच आधी बिघडते. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत ब्रिटिश सैन्यातून आजारपणामुळे घरी पाठवलेल्या जवानांमध्ये अल्सरचे आणि जुनाट अपचनाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने होते. आपल्याकडच्या नियमकर्त्यांनाही हे ठाऊक होते. सैनिकांच्या पेन्शनच्या १९८२ च्या हक्कनियमांना रोगांची एक यादी जोडलेली आहे. तिच्यात थंडी-उष्णतेने होणारे, ताणाने होणारे, उंचीवर होणारे असे गट आहेत आणि "आहाराच्या सक्तीमुळे परिणाम होणारे रोग" असा एक स्वतंत्र गट आहे. कावीळ, जठर व ड्युओडेनमचे विकार, गॅस्ट्रायटिस, जठराचा व ड्युओडेनमचा अल्सर, जंत, डबाबंद अन्नाची विषबाधा ही सगळी त्यात येतात. मला हा गट फार समंजस वाटतो. चौकीवर माणसाला भूक लागेल तेव्हा जेवण मिळत नाही, आणि मिळते ते डब्यातले. घरी पोट बिघडले तर आई मऊ भात आणि सोलकढी देते. लंगरमध्ये ती सोय नाही.

पण यादीत नाव आहे म्हणून पेन्शन आपोआप मिळते असे मात्र नाही. अल्सरविषयीचे ज्ञानही मधल्या काळात बदलले. काळजी आणि तिखट यांनीच अल्सर होतो असे आम्ही विद्यार्थिदशेत घोकले होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वेगळा करून वाढवला. कोणी विश्वास ठेवीना तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे पाणी स्वतःच प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. आज बहुतेक अल्सरमागे हा जंतू किंवा दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या, नाहीतर दोन्ही सापडतात. हवालदारांच्या पोटात जंतू होता आणि गुडघ्यांसाठी ते दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळीही रोज घेत होते. त्यात विडी. जंतूवर आम्ल कमी करणारे औषध आणि दोन प्रतिजैविके असा साधारण दोन आठवड्यांचा उपचार असतो. तो अर्धवट सोडला तर जंतू पुन्हा डोके वर काढतो, म्हणून औषध संपल्यावर काही आठवड्यांनी तो गेला की नाही हे तपासून घ्यावे लागते.

मग जंतूमुळे अल्सर होतो तर सैन्याचा काय संबंध, असा प्रश्न एका वाचकाने मला मागे विचारला होता. प्रश्न रास्त आहे. जंतू सैन्याने दिला असे कोणी सिद्ध करू शकत नाही. परंतु नियमात "सेवेमुळे झाला" याच्या जोडीला "सेवेमुळे बळावला" हाही पर्याय आहे. जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, अल्सर मोजक्यांनाच होतो. वेळीअवेळी जेवण, वर्षानुवर्षे जागरण, तपासणीपासून दूर असलेली चौकी, यांनी साधे दुखणे चिघळू शकते. मंडळाने विचार करायचा तो याचा.

टक्केवारीकडे वळू. पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग शंभर टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के, आणि त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात, असा ढोबळ हिशोब आहे. सातव्या वेतन आयोगाने सुचवलेली ठोक रकमेची पद्धत बाजूला ठेवून सरकारने २०१७ मध्ये टक्केवारीच कायम ठेवली. समजा शेवटचे वेतन ३०,००० रुपये. शंभर टक्क्यांना ९,००० रुपये, वीस टक्क्यांना १,८०० रुपये. आता गंमत पाहा. २००१ च्या आदेशातच टक्के पुढच्या टप्प्यावर नेण्याची सोय होती. पन्नासपेक्षा कमी असेल तर पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तरला पंचाहत्तर आणि त्यावर शंभर. म्हणजे वीस टक्केवाल्याला १,८०० ऐवजी ४,५०० रुपये. पण ही सोय आजारामुळे सेवेतून काढलेल्यांनाच दिली जात होती. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना नाही. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या खटल्यात हा भेद चुकीचा ठरवला.

हवालदार २००४ मध्ये नोकरी पूर्ण करून निवृत्त झाले. त्यांच्या पी.पी.ओ.वर आजही वीसच टक्के होते. ज्या कागदाला घाबरून त्यांनी सात वर्षे तपासणी टाळली, तोच कागद दाखवून त्यांना जास्त मागता आले असते. ते ऐकून बराच वेळ ते खिडकीबाहेर पावसाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "साहेब, आम्ही कागद वाचत नाही. सही कुठे करायची तेवढं विचारतो."

दुसरी फाइल एका तरुणाची, आणि ती अधिक अवघड. हा खाडीपलीकडचा. नौदलात होता. तिशीच्या आत त्याला रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-बारा वेळा. निदान अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणारी जुनाट सूज. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच आतड्यावर उलटते. मूळ कारण अजून पूर्णपणे उमगलेले नाही. आपल्या भागात आमांश आणि आतड्याचा क्षय हेही असेच सोंग घेऊन येतात, म्हणून दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी केल्याशिवाय हे नाव कोणाला चिकटवू नये. त्याला आधी खालची वैद्यकीय श्रेणी दिली. फौजेत याला "कॅटेगरी लागली" म्हणतात. "शेप" या पाच अक्षरी मोजमापात पोटाचे आजार 'पी' या अक्षराखाली जातात. पुढे त्याला घरी पाठवले. कागदावर शेरा: आजार सेवेमुळे झालेला नाही, बळावलेलाही नाही, प्रकृतिजन्य आहे. अपंगत्व पंधरा ते एकोणीस टक्के. पेन्शन शून्य, कारण किमान वीस टक्के लागतात.

या आजाराचा स्वभाव असा की तो येतो-जातो. मंडळ बसले त्या दिवशी तो शांत होता. वजन ठीक, रक्त ठीक, पोट मऊ. पाय तुटला तर तो रोज तुटलेला दिसतो, आतडे तसे दिसत नाही. हा मुलगा आज एका ठिकाणी हिशोबाचे काम करतो. रत्नागिरीला जायचे तर एस.टी.त बसण्याआधी वाटेत संडास कुठे कुठे आहे ते मनात मोजतो. लग्नाच्या पंगतीला जात नाही. मुलगी पाहायला गेले तर काय सांगायचे, म्हणून आई रडते. पंधरा ते एकोणीस हा आकडा यातले काय सांगतो, असे मला त्याच्या आईने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याकडे मात्र काही उत्तर आहे. अपस्माराच्या आजाराने घरी पाठवलेल्या धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरावे. पुढे आजार झाला तर तो सेवेशी निगडित मानावा. तसा नाही असे म्हणायचे असेल तर मंडळाने कारणे द्यावीत. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. "प्रकृतिजन्य" एवढा एक शब्द म्हणजे कारण नव्हे. २०१४ च्या सुखविंदर सिंग यांच्या निकालात, आजारामुळे सेवेतून काढावे लागले म्हणजेच अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिक होते असे धरावे, असे म्हटले. हे काढून टाकलेल्यांसाठी. नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्याचे टक्के वीसपेक्षा कमी असतील तर त्याला हा आधार नाही, हे न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणून शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल असे समजू नये. आणखी एक सावधगिरी: २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी नवे हक्कनियम आले आहेत. जुने निकाल त्यांना जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरू नये.

नाकारल्याचे पत्र आले तर सहा महिन्यांत पहिले अपील करायचे, तेही फेटाळले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मुदत टळून वर्षे गेली असली तरी हात झटकू नका. पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. थकबाकी मात्र साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते, असे २००८ च्या तरसेम सिंग यांच्या निकालापासून चालत आले आहे. म्हणजे उशीर झाला की तेवढे पैसे गेले. मंडळाच्या अहवालाची प्रत घरात नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे सागरला, नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला. दिली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. अर्ज कसा लिहायचा हे रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. मी डॉक्टर आहे, वकील नाही. फायली वाचून वाचून जे शिकलो ते सांगितले.

डॉक्टर म्हणून मात्र आग्रहाने सांगतो. जुलाबाचे दिवस आणि वेळा, वजन, हिमोग्लोबिन, रजा घ्यावी लागलेले दिवस यांची नोंद साध्या वहीत ठेवा. सेवेत असलेल्या मुलांनी तर दर वेळी सिक रिपोर्टला जाऊन दुखणे नोंदवून घ्यावेच. कंपनीत नाव खराब होईल म्हणून सोडा खाऊन परेडला उभा राहणारा जवान पुढे मंडळासमोर कोऱ्या कागदाने उभा राहतो. फेरतपासणी स्वतःहून मागायची असेल तर आकडा खाली येण्याचीही शक्यता धरूनच मागा. आणि काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले पित्त, यांपैकी काही असेल तर पेन्शनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हवालदारांचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला आहे, उत्तर यायचे आहे. जंतूची फेरतपासणी निर्दोष आली. गुडघ्यांसाठी आता डायक्लोफिनॅकऐवजी व्यायाम आणि शेक चालू आहे. विडी सुटली असे ते म्हणतात, वहिनी मात्र काही बोलत नाहीत. नौदलातल्या मुलाने माहितीच्या अधिकाराखाली मागवलेला अहवाल गेल्या आठवड्यात आला. भरतीच्या वेळच्या तपासणीच्या रकान्यात पोटाविषयी एकच शब्द आहे, "नॉर्मल". त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून तो कागद घेऊन तो मुंबईला गेला आहे.